घरासाठी सुपरझूम कॅमेरा निवडताना

घरासाठी सुपरझूम कॅमेरा, म्हणजे फार दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या लांब झूमचा कॅमेरा, घेण्याचा विचार बहुतेक वेळा एखादा फोटो हुकल्यावर सुरू होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण पंधराव्या रांगेत असतो, मुलगी रंगमंचाच्या कोपऱ्यात लेझीम खेळत असते आणि फोनवर चित्र मोठे करावे तर तिच्या चेहऱ्याच्या जागी रंगाचे डाग उरतात. मग आपण दुकानात जातो, तिथे खोक्यांवर ४०, ६०, ६५, ८३ असे झूमच्या पटींचे आकडे ठळकपणे छापलेले असतात आणि खिशाला परवडेल तेवढा मोठा आकडा घेऊन आपण घरी येतो. मीही पहिला कॅमेरा असाच घेतला होता. पुढच्या वर्षी त्याच सभागृहात, त्याच रांगेतून काढलेल्या फोटोंत मुलगी अगदी जवळ दिसत होती, पण तिचे हात धुरकट रेघांसारखे आले होते आणि चेहरा जलरंगात रंगवल्यासारखा सपाट झाला होता. कॅमेऱ्यात कोणताही दोष नव्हता. मी चुकीचा आकडा पाहून निवड केली होती. कोणते आकडे पाहावेत आणि ते आपल्या घरच्या प्रसंगांशी कसे ताडून पाहावेत, हे या लेखात सविस्तर सांगायचे आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घरातला वाढदिवस, जेवणाची पंगत, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात बसलेले आजी-आजोबा, असे जवळचे आणि कमी उजेडातले फोटो हीच तुमची मुख्य गरज असेल, तर स्वस्त सुपरझूम कॅमेरा तुमच्या फोनपेक्षा चांगले काम करील असे मानू नका. या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांत १/२.३ इंची म्हणवला जाणारा सेन्सर (उजेड टिपून चित्र बनवणारी चकती) असतो आणि त्याचा आकार सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. आजच्या अनेक मध्यम किमतीच्या फोनमधील मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर याहून मोठा असतो, शिवाय फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक चित्रे टिपून ती एकत्र जोडतो. त्यामुळे जवळच्या, अंधाऱ्या दृश्यात फोन सरस ठरतो. सुपरझूमचे खरे काम फोनची धाव संपते तिथून सुरू होते: मैदान, रंगमंच, मिरवणूक, किल्ल्यावरून दिसणारी दरी, झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी. हे प्रसंग वर्षातून किती वेळा येतात, याचा अंदाज आधी घ्यावा.

खोक्यावरचा आकडा काय सांगतो

५० पट झूम याचा अर्थ दूरची वस्तू ५० पट मोठी दिसते, असा होत नाही. लेन्सचे सर्वांत लांब टोक (पूर्ण झूमवरची फोकल लांबी, मिलिमीटरमध्ये) भागिले सर्वांत रुंद टोक (झूम न करता असलेली फोकल लांबी), एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. २० मिलिमीटरपासून १२०० पर्यंत जाणारा कॅमेरा ६० पटीचा असतो आणि २४ पासून १२०० पर्यंत जाणारा ५० पटीचा. मात्र दूरची वस्तू दोघांतही सारख्याच आकाराची दिसते. म्हणून पटींचा आकडा बाजूला ठेवून मिलिमीटरचे दोन्ही आकडे विचारावेत. ते ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात दिलेले असले पाहिजेत. लेन्सच्या कड्यावर पुष्कळदा प्रत्यक्ष लांबी छापलेली असते, जसे ४.३ ते २१५. ती वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या तुलनेसाठी उपयोगाची नाही.

आपल्याला किती मिलिमीटर लागतात हे घरबसल्या काढता येते. कॅमेरा आडवा धरल्यावर चित्रात जेवढी उंची मावायला हवी ती मीटरमध्ये घ्यावी, आपल्यापासूनचे अंतर मीटरमध्ये घ्यावे, अंतराला २४ ने गुणावे आणि उंचीने भागावे. उत्तर साधारणपणे मिलिमीटरमध्ये येते. रंगमंच १५ मीटरवर आहे आणि मुलीचे पूर्ण चित्र, डोक्यावर व पायाखाली थोडी जागा सोडून, म्हणजे १.६ मीटर उंचीचे हवे आहे, तर २२५ मिलिमीटर पुरतात. कमरेपासून वरचे, ६० सेंटिमीटर उंचीचे चित्र हवे असेल तर ६०० लागतात. क्रिकेटच्या मैदानावर ६० मीटरवरचा खेळाडू २.४ मीटरच्या चौकटीत टिपायचा, तरी पुन्हा ६०० च येतात. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा असलेला रोहित पक्षी ४० मीटरवरून पूर्ण टिपायलाही साधारण तेवढेच लागतात. खंड्यासारखा लहान पक्षी १५ मीटरवरून ३० सेंटिमीटरच्या चौकटीत बसवायचा असेल, तेव्हा मात्र हिशेब १२०० वर जातो.

हे आकडे मी मुद्दाम मांडले, कारण त्यांतून घरगुती गरजेचे एक चित्र उभे राहते. कुटुंबाच्या जवळजवळ सगळ्या प्रसंगांना ६०० मिलिमीटर पुरतात आणि पुष्कळ प्रसंगांना ४०० सुद्धा. १२०० च्या पुढची लांबी पक्षी आणि चंद्र यांसाठी आहे. निकॉनचे २००० मिलिमीटरचे पी ९०० आणि पी ९५० हे कॅमेरे चंद्राच्या फोटोंसाठी लोकप्रिय झाले आणि ते योग्यच आहे. त्या लांबीवर चंद्र चौकटीची बरीचशी उंची व्यापतो. पण मुलांच्या फोटोंसाठी तेवढी लांबी घेणे म्हणजे न वापरलेल्या लांबीचे पैसे भरणे आणि तिचे वजन गळ्यात वागवणे होय. भर उन्हाळ्यात दुपारी शंभर-दोनशे मीटरवरचे दृश्य तापलेल्या हवेमुळे थरथरते, तेव्हा १२०० मिलिमीटरचा कॅमेराही ती थरथरच मोठी करून दाखवतो.

रुंद टोकाकडे घरच्या माणसांनी जास्त लक्ष द्यायला हवे. आपल्या सदनिकेतील बाहेरची खोली तीन-साडेतीन मीटरची असते आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले तरी मागे सरकायला जागा नसते. तीन मीटरवरून २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये साधारण साडेचार मीटर रुंदीचे दृश्य मावते, २८ मध्ये चार मीटरांहूनही कमी. सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसलेली काका-काकूंची जोडी चित्रात येते की कापली जाते, ते या चार मिलिमीटरवर ठरते. म्हणून २५ हून मोठ्या आकड्यापासून सुरू होणारा कॅमेरा घरासाठी घेऊ नये, असे माझे मत आहे.

उजेडाचा आकडा

आता ज्या आकड्याकडे मी पहिल्या खरेदीत पाहिलेच नव्हते, त्याकडे येऊ. लेन्सच्या कड्यावर मिलिमीटरच्या जोडीला १:२.८-५.९ किंवा १:३.४-६.५ असे काही लिहिलेले असते. हे अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याच्या वाटेचे मोजमाप आहे. पहिला आकडा रुंद टोकाचा आणि दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि हा फरक वर्गाच्या पटीत वाढतो: २.८ वरून ५.६ वर गेले की उजेड निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो. २.८ वरून ६.५ वर गेले तर पाचव्या हिश्शाहूनही कमी उरतो.

सभागृहात याचा परिणाम असा होतो. नाचणाऱ्या मुलाचे हात स्पष्ट यायचे तर शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतके किंवा त्याहून वेगवान असावे लागते. एफ २.८ वर, म्हणजे वरच्या मोजमापातल्या २.८ वर, त्यासाठी आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० पुरत असेल, तर तोच फोटो एफ ५.६ वर घ्यायला ६४०० लागतो. १/२.३ इंची सेन्सरवर १६०० ही मी मान्य करीन अशी शेवटची मर्यादा आहे. त्यापुढे चित्रात दाणे येतात आणि ते पुसण्याच्या खटपटीत कॅमेरा चेहऱ्यावरचे बारकावेही पुसून टाकतो. जलरंगासारखा दिसणारा चेहरा इथून येतो. अनेक कॅमेरे स्वयंचलित पद्धतीत आयएसओ वाढवण्याऐवजी शटर मंद करतात आणि मग हातांच्या रेघा होतात. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा इथे उपयोगी पडत नाही, कारण ती आपल्या हाताचा कंप आवरते. समोर नाचणाऱ्याला थांबवणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. विक्रेते ही यंत्रणा अंधारावरचा उपाय म्हणून सांगतात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

अ‍ॅपर्चरच्या जोडीला सेन्सरचा आकार पाहावा. एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे १/२.३ इंचीच्या क्षेत्रफळाच्या चौपट. चौपट क्षेत्रफळावर एकूण उजेड चौपट गोळा होतो, त्यामुळे सभागृहातला निकाल एकदम बदलतो. या सेन्सरबरोबर १२०० मिलिमीटरची लेन्स बनवायची तर ती अवाढव्य होईल, म्हणून असे कॅमेरे ४०० किंवा ६०० वर थांबतात. आणि वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे आपल्याला तेवढेच पुरेसे आहे.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर मात्र वेळ घालवू नये. या वर्गातले कॅमेरे साधारण १२ ते २० मेगापिक्सेलचे असतात आणि भिंतीवर लावायच्या मोठ्या फ्रेमलाही ते पुरतात. खोक्यावर डिजिटल झूमचा आकडा असेल तर तोही विसरावा. ते केवळ चित्र कापून मोठे करणे आहे. कॅमेरा हाती आल्यावर मेनूमधून ते पहिल्यांदा बंद करावे.

डोळ्याला लावायची काच

स्वस्त सुपरझूममध्ये कंपन्या पहिली काटछाट करतात ती व्ह्यूफाइंडरमध्ये. सोनी एच ३००, कॅनन एसएक्स ४२० व एसएक्स ४३०, निकॉन बी ५०० हे दिसायला मोठ्या कॅमेऱ्यांसारखे आहेत, पण त्यांना डोळ्याला लावून पाहायची सोय नाही. सगळे मागच्या पडद्यावर पाहावे लागते. एप्रिलच्या उन्हात मैदानावर तो पडदा दिसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हात पुढे ताणून ६०० मिलिमीटरची चौकट स्थिर धरणे फार अवघड असते. कॅमेरा डोळ्याला लावला की दोन्ही कोपर छातीशी टेकतात, कपाळाचा तिसरा आधार मिळतो आणि चौकट जागेवर राहते. माझ्या लेखी व्ह्यूफाइंडर नसलेला सुपरझूम कितीही स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये. वर नावे दिलेल्या कॅमेऱ्यांमध्ये रॉ फाइलही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळत नाही, म्हणजे फोटो नंतर संगणकावर सुधारण्याला फारसा वाव राहत नाही.

लांब झूमवर मूल चौकटीतून निसटले की पुन्हा सापडत नाही, हा अनुभव प्रत्येकाला येतो. काही कॅमेऱ्यांत यासाठी एक बटण असते: ते दाबले की झूम क्षणभर मागे येतो, आपण मुलाला शोधतो आणि बटण सोडताच झूम पूर्वीच्या जागी जातो. कॅनन आणि निकॉनच्या मोठ्या सुपरझूममध्ये ही सोय आहे. धावणाऱ्या मुलांचे पालक तिचा रोज वापर करतील.

वजनाचा विचार दुकानात सुचत नाही, तो कोणत्याही गडाच्या पायऱ्या चढताना सुचतो. पॅनासॉनिक एफझेड ८२ आणि कॅनन एसएक्स ७० हे सहाशे ग्रॅमच्या थोडेसे वर आहेत, पी ९५० एक किलोचा आहे आणि १२५ पट झूमचा पी १००० तर १४०० ग्रॅमच्या पुढे जातो. कडेवर मूल आणि खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी असताना यांतला कोणता कॅमेरा बाहेर काढला जाईल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

व्हिडिओ आणि आपल्याकडची वीज

घरच्या व्हिडिओसाठी फुल एचडी पुरेसे आहे, आणि ४के मिळाल्यास उत्तम. पण अनेक कॅमेरे ४के निवडताच सेन्सरचा मधला भाग तेवढा वापरतात आणि दृश्य अरुंद होते. पॅनासॉनिक एफझेड १००० मध्ये रुंद टोक २५ मिलिमीटरचे आहे, पण ४के व्हिडिओत ते सुमारे ३७ चे होते. मुंजीच्या मांडवात, जिथे मागे सरकायला जागा नसते, तिथे फुल एचडीच निवडावे.

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि व्हिडिओ काढणाऱ्याला ही गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. ट्यूबलाइट आणि पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला जाणवते आणि व्हिडिओत काळसर पट्टे वरखाली सरकताना दिसतात. उपाय सोपा आहे: सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांची पद्धत निवडावी आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिथे विकल्या जाणाऱ्या काही कॅमेऱ्यांत २५ आणि ५० चे पर्यायच नसतात. माझ्या भावाने तिकडून येताना असा एक कॅमेरा आणला होता आणि पहिल्याच बारशाच्या व्हिडिओत, ट्यूबलाइटखाली, पाळण्यावर पट्टेच पट्टे आले. शटर हाताने १/१०० वर ठेवल्यावर ते गेले, पण तोपर्यंत नाव ठेवून झाले होते. परदेशातून नातेवाइकांकडून कॅमेरा मागवणार असाल तर आधी त्या मॉडेलमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय आहे का आणि शटर हाताने बदलता येते का, हे पाहून घ्यावे. तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असे नाही, हेही गृहीत धरावे.

आवाजासाठी बाहेरचा मायक्रोफोन लावण्याची सोय असेल तर ती मोलाची आहे. कॅमेऱ्याचा आतला माइक लेन्सशेजारी असतो. झूम हलला की मोटरची घरघर आणि आपल्याच बोटांची चाळवाचाळव मुलाच्या गाण्यात मिसळते. पॅनासॉनिकच्या एफझेड ३०० आणि एफझेड १००० यांना साडेतीन मिलिमीटरची माइकची खोबण आहे. ती नसेल तर चित्रीकरण चालू असताना झूम हलवू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ फरक पडतो.

मेमरी कार्डात काटकसर करू नये. ४के साठी यू३ किंवा व्ही३० अशी खूण असलेले कार्ड घ्यावे. ही खूण सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के व्हिडिओचा एक मिनिट सुमारे ७५० मेगाबाइटचा होतो, म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डात जेमतेम दीड तास मावतो. मिरवणुकीला निघताना दुसरे कार्ड आणि दुसरी बॅटरी बरोबर असावी, आणि कॅमेऱ्याच्या अंदाजपत्रकातच त्यांची रक्कम धरावी.

मग कोणता?

छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार आता फार आटला आहे. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३ मध्ये तो आकडा १ कोटीच्याही खाली होता. त्यामुळे नव्या मॉडेलांची निवड थोडी आहे आणि जुनी मॉडेले वर्षानुवर्षे विकली जातात. त्यात वाईट काही नाही. २०१५ चा चांगला कॅमेरा आजही चांगलेच फोटो काढतो.

नवा आणि आटोपशीर किमतीचा हवा असेल तर पॅनासॉनिक एफझेड ८२ च्या घराण्याकडे आधी पाहावे. २० ते १२०० मिलिमीटर, अ‍ॅपर्चर २.८ ते ५.९, रॉ फाइल आणि ४के, असे सगळे त्यात आहे, आणि २० मिलिमीटरचे रुंद टोक आपल्या लहान खोल्यांसाठी सोन्यासारखे आहे. २०१७ च्या मूळ मॉडेलचा व्ह्यूफाइंडर लहान आणि अस्पष्ट होता. २०२४ च्या एफझेड ८२डी मध्ये तो सुधारला आणि यूएसबी-सी चार्जिंगही आले. कॅनन एसएक्स ७०, हा २०१८ चा, २१ ते १३६५ मिलिमीटरचा आहे आणि त्याचा मागचा पडदा पूर्ण फिरतो. पण पूर्ण झूमवर त्याचा अ‍ॅपर्चर ६.५ होतो, म्हणून तो उन्हातला कॅमेरा समजावा. निकॉन पी ९५० मी पक्षीवेड्या घरांनाच सुचवीन.

मला स्वतःला यांच्यापेक्षा दोन जुने कॅमेरे कुटुंबासाठी अधिक योग्य वाटतात, आणि दोन्ही वापरलेले मिळतात. एक म्हणजे २०१५ चा एफझेड ३००: सेन्सर लहानच, पण २५ पासून ६०० मिलिमीटरपर्यंत अ‍ॅपर्चर सतत २.८, शिवाय धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. पावसाळी सहलीत आणि विसर्जन मिरवणुकीत गुलाल उडताना त्या संरक्षणाची किंमत कळते. दुसरा २०१४ चा एफझेड १०००: एक इंची सेन्सर, २५ ते ४०० मिलिमीटर, अ‍ॅपर्चर २.८ ते ४. सभागृह, लग्न, नाटक, घरातली पूजा यांसाठी या किमतीच्या टप्प्यात याच्या तोडीचा कॅमेरा मला माहीत नाही. सोनीचा आरएक्स १०, चौथी आवृत्ती, २४ ते ६०० मिलिमीटरचा आणि एक इंची सेन्सरचा आहे आणि तो या सगळ्यांहून सरस आहे, पण तो परवडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या चर्चेत बसत नाही.

वापरलेला घेताना आणि दुकानात

वापरलेला कॅमेरा घाईत घेऊ नये. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी कॅमेऱ्यांची दुकाने एकमेकांना लागून आहेत, तिथे दोन-तीन नग हाताळून पाहता येतात. झूम पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे असा दहा वेळा न्यावा. अडखळणे, करकर किंवा मध्येच थांबणे आढळल्यास तो कॅमेरा परत ठेवावा, कारण लेन्सची दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीइतकी होऊ शकते. लांब लेन्स आतबाहेर होताना भात्यासारखी हवा आत ओढते आणि त्याबरोबर धूळही. अ‍ॅपर्चर ८ वर ठेवून, झूम वाढवून, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतील. मग लेन्समध्ये तिरपा टॉर्च टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे ती सर्रास आढळते आणि एकदा लागली की काचेवरचा थर खाते. बॅटरी फुगलेली नाही ना, व्ह्यूफाइंडर लागतो ना, फ्लॅश उघडतो ना, हेही तपासावे.

नवा घेत असाल तर खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेले लेबल आहे का ते पाहावे. हे लेबल नसेल तर माल वेगळ्या वाटेने आला आहे असे समजावे आणि त्याला भारतातली वॉरंटी मिळेल अशी आशा ठेवू नये, मग दुकानदार स्वतःची हमी कितीही तोंडभरून देवो. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

दुकानात जाताना आपले स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. फोटो तीन काढावेत: दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या घरच्या माणसाचा, मध्यम झूमवर, शटर १/२०० ठेवून, रस्त्यापलीकडच्या पाटीचा, पूर्ण झूमवर, हातात धरून, आणि येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांचा, पाठोपाठ आठ-दहा. तिसऱ्या चाचणीत कॅमेरा किती वेळ अडकून राहतो ते मोजावे, कारण काही कॅमेरे सेकंदात सात फोटो काढून पुढे कित्येक सेकंद ते कार्डावर लिहीत बसतात आणि तेवढ्यात रिले शर्यत संपते. हे फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून निर्णय घेऊ नये, तिथे सगळेच सुंदर दिसतात. घरी संगणकावर किंवा टीव्हीवर, पूर्ण आकारात पाहावेत आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करावी.

पहिल्या कार्यक्रमाआधी

कॅमेरा आल्यावर लगेच समारंभाला नेऊ नये. आठवडाभर घरात आणि गच्चीवर वापरून पाहावा. रंगमंचासाठी शटरला प्राधान्य देणारी पद्धत निवडून ते १/२०० वर ठेवावे, आयएसओची कमाल मर्यादा लहान सेन्सरवर १६०० आणि एक इंचीवर ३२०० अशी बांधून द्यावी. रंगमंचामागचा पडदा काळा असला की कॅमेरा चित्र उजळवू पाहतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. म्हणून उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे एकवर न्यावी. फ्लॅश बंद ठेवावा. त्याचा उजेड काही मीटरांपलीकडे पोहोचत नाही आणि पुढच्या रांगेतल्या डोक्यांवर पडून वाया जातो. पूर्ण झूम टाळून थोडे आधी थांबावे. बहुतेक लेन्स अगदी शेवटच्या टोकाला किंचित मऊ, म्हणजे कमी रेखीव, चित्र देतात. लहान मुलांच्या धावपळीसाठी पॅनासॉनिकच्या वरील कॅमेऱ्यांत ४के व्हिडिओतून एकेक चित्र वेगळे काढता येते. ते सुमारे ८ मेगापिक्सेलचे असते आणि अल्बमला पुरते. मात्र सेकंदाला मिळणाऱ्या तीस चित्रांतून चांगले एक निवडायला संध्याकाळ जाते, ही तयारी ठेवावी.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नये. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि जमल्यास एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. साठाच्या वर गेला की बुरशीला पोषक वातावरण तयार होते. जेलच्या दाण्यांचा रंग पालटला की ते मंद आचेवर तव्यावर कोरडे करून पुन्हा वापरता येतात. बॅटरी काढून वेगळी ठेवावी, आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम दोन-चार वेळा पुढेमागे करावा.